मास्तर टिकवण्याचे उपाय

किस्से कोणी ठरवून जमवत नाही, राजेहो. माळ्यावर रिकामे डबे साचतात तसे ते साचतात. एक दिवस काहीतरी शोधायला वर चढावं, अन् सगळे धडाधड अंगावर यावे. माझं तसंच होतं. कोणी नुसतं विचारलं, "काय ड्रिलमास्तर, त्या काळी शाळा कशी होती?" की मी उठून उभा राहतो. बसून मला हे सांगताच येत नाही. बायको म्हणते, यांच्या पायात भोवरा आहे. असेल बाप्पा.

गोष्ट वर्ध्याची, पन्नासच्या दशकातली. आमची शाळा रेल्वे लाइनच्या पल्याड. कागदावर तिचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण गावात सगळे तिला 'लाइनपल्याडची शाळा' म्हणत. पोरं जिनिंगमधल्या मजुरांची, हमालांची, टांगेवाल्यांची. शाळा चालवणाऱ्या कमिटीजवळ पैसा नाही, छपरावर कवेलू धड नाहीत, अन् मास्तर तर टिकतच नव्हते. जूनमध्ये यायचे, दिवाळीला गावी जायचे अन् तिकडूनच राजीनामा पाठवायचे. मी रोज प्रार्थनेच्या वेळी पोरं मोजत नसे, मास्तर मोजत असे! जो कमी, त्याच्या वर्गावर मी. लागलो ड्रिलमास्तर म्हणून, पण इतिहास शिकवला, भूगोल शिकवला, एकदा तर मुलींना शिवणकाम शिकवलं. म्हणजे त्यांनीच मला शिकवलं.

आमचे हेडमास्तर झाडे गुरुजी. अंगानं काडी, आवाजानं तोफ. त्यांच्या मनात एकच गोष्ट होती, मॅट्रिकचा वर्ग. आमची शाळा मिडलपाशी संपायची. पुढं शिकायचं तर गावातल्या फी घेणाऱ्या शाळेत, अन् ती फी हमालाच्या बापजन्मात व्हायची नाही. म्हणून मिडल पास झालेलं पोरगं दुसऱ्या दिवशी जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत खोकताना दिसायचं. गुरुजींनी पालकांच्या सभेत शब्द दिला होता, रिटायर होण्याआधी मॅट्रिकचा वर्ग उघडीन म्हणून. अन् शिक्षण खात्याच्या इन्स्पेक्टरसाहेबांनी अट घातली होती, "एक सायन्स ग्रॅज्युएट मास्तर पूर्ण वर्षभर टिकवून दाखवा, मग मंजुरी."

वर्षभर! आमच्याकडे खडूचा डबासुद्धा एवढा टिकत नव्हता.

*

पहिल्यांदा रीतसर जाहिरात दिली. वाट पाहून पाहून एक उमेदवार आला. बी.एस्सी., पांढरं धोतर, डोळ्यांवर चष्मा, बोलणं मोजून मापून.

मुलाखत घ्यायला आमचे लोक ढीगभर. कमिटीचे अध्यक्ष, दोन सभासद, गुरुजी, अन् संख्या भारदस्त दिसावी म्हणून मी. अध्यक्ष कापसाचे व्यापारी होते. त्यांना सायन्समधलं काही विचारता येत नव्हतं, म्हणून ते प्रत्येक उमेदवाराला एकच प्रश्न विचारत, "सूत कातता येते काय?" वर्ध्यात हा प्रश्न विचारला की कोणी हसत नसे. उमेदवार म्हणाला, येतं. अध्यक्ष खूश झाले. गुरुजींनी मग न्यूटन विचारला, तोही त्याला येत होता.

शेवटी गुरुजींनी चूक केली. मोठेपणानं म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा." झालं! तो सरसावून बसला. शाळेत वर्ग किती? मास्तर किती? उरलेले वर्ग कोण घेतं? सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. पगार महिन्याच्या महिन्याला होतो काय? अध्यक्षांना खोकला आला. प्रयोगाचं सामान कुठं आहे? गुरुजींनी कपाट उघडून दाखवलं. त्यात एक लोहचुंबक अन् पालींची अंडी होती.

त्यानं चष्मा पुसला, उठला, सगळ्यांना नमस्कार केला अन् म्हणाला, "ठीक आहे. विचार करून कळवतो तुम्हाला!"

आम्ही पाचही जण उभे राहून "बरं साहेब" म्हणालो.

*

मग गुरुजींनी ठरवलं, उमेदवार आपल्याकडे येत नाहीत तर आपणच त्यांच्याकडे जायचं. नागपूरला सरकारी नोकरीच्या मुलाखती असल्या की अमरावती, अकोल्याकडची शिकलेली पोरं वर्ध्यावरूनच जात. गाडी इथं इंजिनात पाणी भरायला बराच वेळ थांबे. गुरुजी म्हणाले, "तेवढ्या वेळात माणूस वळवता येतो."

आम्ही प्लॅटफॉर्मवर जायला लागलो. कोण मुलाखतीला चाललाय ते ओळखणं सोपं असे. नवे बूट, तेल लावून चोपडलेले केस, अन् छातीशी धरलेली फाईल. असा एक डब्याच्या दारात दिसला. गुरुजींनी त्याला खाली उतरवलं, चहा हातात दिला अन् सुरू झाले. वर्ध्याची हवा कशी, पाणी कसं, इथली पोरं कशी मायाळू. पोरगा फिजिक्सचा निघाला! चहा पिता पिता मान हलवायला लागला. शेवटी म्हणाला, पाहून तर येतो शाळा, दुपारच्या गाडीनं पुढं जाईन. सामान घ्यायलाच निघाला होता.

गुरुजींनी मला लांबून खूण केली, टांगा बोलाव. टांगे फाटकाबाहेर. आता मी पडलो ड्रिलमास्तर. लांबच्या माणसाला बोलवायचं तर माझा हात आपोआप गळ्यातल्या शिट्टीकडे जातो. मी छाती भरून शिट्टी फुंकली.

अख्खा प्लॅटफॉर्म पळाला! नळावर तोंड धुणारे, पुऱ्या घेणारे, पोरांना झाडामागं बसवलेल्या बाया, सगळे डब्याकडे धावले. आमच्या उमेदवारानं चहा फेकला अन् उडी मारून आत घुसला. गार्ड हिरवा झेंडा काखेत धरून मला शिव्या देत आला. गाडी त्यानंतरही खूप वेळ उभी होती. गुरुजी खिडकीशी जाऊन विनवण्या करत होते, पण तो काही परत उतरला नाही. म्हणाला, मले भेव वाटते आता.

गुरुजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला गणिताच्या वर्गावर पाठवलं, शिक्षा म्हणून.

*

तर मी भूमिती शिकवली. हसू नका. फळ्यावर मला त्रिकोण धड काढता येत नव्हता, म्हणून मी पोरांना मैदानावर नेलं अन् तिथं पोरांचाच त्रिकोण उभा केला. एक रांग पिंपळाकडे, एक रांग विहिरीकडे, अन् तिसरी दोघींची टोकं जोडणारी. काटकोनावर एक न हलणारं पोरगं हवं होतं, तिथं टांगेवाल्याचा करीम उभा केला.

नेमके त्याच वेळी इन्स्पेक्टरसाहेब आले. पाहतच राहिले. त्यांनी एका पोराला विचारलं, "सांग रे, कर्ण म्हणजे काय?"

पोरगं ताठ उभं राहून म्हणालं, "साहेब, सगळ्यात लांब रांग. तिथं कोणालेच जायचं नसते, कारण तिकडून पाण्याचा माठ दूर पडते."

साहेब खो-खो हसले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, तुम्ही चांगला प्रयत्न करता, पण मॅट्रिकचा पेपर मैदानावर होत नाही. जाताना गुरुजींना बाजूला घेऊन म्हणाले, पुढच्या वर्षी मी शेवटचा येईन, तोवर सायन्सचा मास्तर टिकलेला दिसला पाहिजे. मी जवळच होतो. गुरुजींचा चेहरा पाहवला नाही मला. रागच आला मला त्या दिवशी, साहेबाचा, कमिटीचा, अन् सगळ्यात जास्त पळून जाणाऱ्यांचा.

*

तेव्हापासून गुरुजींचे उपाय सुरू झाले. त्यांचं म्हणणं, माणूस पगारानं टिकत नाही, पायात काहीतरी अडकलं पाहिजे.

भोयर मास्तर आठवतात काय? तुम्ही नसाल पाहिले. भाषेचे मास्तर, स्वभावानं गरीब. त्यांची तक्रार एकच, वर्ध्यात लेकराला चांगलं दूध मिळत नाही, म्हणून गावी जातो. गुरुजी म्हणाले, एवढंच ना! ओळखीच्या शेतकऱ्याकडून म्हैस मिळवून दिली अन् शाळेच्या मागं बांधायला जागा दिली. म्हैस सोडून मास्तर जातो कुठं?

भोयर मास्तरांचा म्हशीवर जीव जडला. मधल्या सुट्टीत धुणं, शाळा सुटली की चारा. दूध उरायला लागलं तसं ते आम्हालाही द्यायला लागले. मग दुसरी म्हैस आली. मग तिसरी आली. मग राजीनामा आला.

गुरुजी तणतणत गोठ्यात गेले, मी मागोमाग. तुमच्यासाठी एवढं केलं अन् तुम्हीच शाळा सोडता, असं गुरुजी खूप बोलले. भोयर मास्तर शांतपणे धार काढत होते. म्हणाले, "गुरुजी, शाळा कुठी सोडून राह्यलो? उलट आधी रविवारी येत नव्हतो. आता रविवारीही येतो न!"

दूध मात्र चोख होतं. ते नाकारता येत नाही.

*

दुसरा उपाय लग्न. पाठक नावाचे एक इतिहासाचे मास्तर घाटावरून आले होते, एकटे जीव. गुरुजींनी पुलगावची मुलगी शोधली. मुलगी नॉर्मल पास, म्हणजे स्वतःही मास्तरीण! गुरुजी हर्षानं नाचायचेच बाकी होते. एका मांडवात दोन मास्तर! लग्नात मीच वरबापासारखा धावलो, पंगतीत बुंदी वाढली.

लग्नानंतर महिन्याभरात मुलीला हिंगणघाटला चांगली जागा मिळाली. ती म्हणाली, जाते. पाठक म्हणाले, ती गेली तर मी इथं काय करू? दोघं गेले. बुंदीचा खर्चही गुरुजींच्याच अंगावर. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

*

तिसरा उपाय सत्काराचा. आमच्याकडे निरोप समारंभ मोठा झोकात होत असे. जाणाऱ्याला नारळ, फुलांचा हार, अन् भाषणं अशी की ऐकणाऱ्याचे डोळे भरावे. एकदा चित्रकलेचे मास्तर असंच एक भाषण ऐकून म्हणाले, "इथं आपल्याबद्दल चांगलं ऐकायचं असेल तर राजीनामाच द्यावा लागते वाटते." अन् दिला त्यांनी. पुढच्याच आठवड्यात!

गुरुजींनी निरोप समारंभ बंदच केला. हुकूम काढला की यापुढं सत्कार फक्त न जाणाऱ्यांचा. दसऱ्याला आपट्याची पानं वाटून झाली की मंचावर बोलावून शाल द्यायची.

त्या दसऱ्याला सगळे जमले. शाल एकच होती अन् सत्कारमूर्तीही एकच, मी. गुरुजी माझ्याबद्दल इतकं बोलले, इतकं बोलले, की पोरं टाळ्या वाजवून थकली. वाऱ्यासारखी माणसं आली अन् गेली, पण हा खांब हलला नाही, असं म्हणाले. अन् त्या वेळी या खांबाच्या खिशात नागपूरच्या पोलीस ट्रेनिंगमधल्या जागेचा अर्ज होता. शाल अंगावर अन् अर्ज छातीवर. बसवेना, उभं राहवेना. त्या दिवसांत खरं सांगू का, शाळेतल्या प्रत्येकाचं हेच होतं. शरीर वर्गात, अन् कान स्टेशनकडे. गाडीनं शिट्टी दिली की मास्तर लोक शिकवता शिकवता थांबत.

अर्ज पाठवला नाही मी. शाल फार गरम होती.

*

मग मेश्राम आले.

जाहिरात नाही, स्टेशन नाही, काही नाही. जूनमध्ये एक दिवस केळझरकडून एक काळासावळा तरुण सायकलीवर आला, धुळीनं माखलेला. बी.एस्सी., तेही चांगल्या मार्कांनी. घरातला शिकलेला पहिला माणूस. बाप मजूर. दसऱ्याला नागपूरला जी दीक्षा झाली तीत सगळं घर बौद्ध झालेलं. गुरुजींनी विचारलं, आमच्याच शाळेत कसे? तर म्हणाले, "मी अशाच शाळेत शिकलो, गुरुजी. मिडलच्या पुढचं शिकाले मले किती दरवाजे ठोकावे लागले ते मलेच माहीत."

शिकवणं असं की मी माझ्या वर्गातली पोरं सोडून त्यांच्या खिडकीशी उभा राहत असे. एकदा तरफ शिकवायची होती. त्यांनी सगळा वर्ग शाळेसमोरच्या रस्त्यावर आणला. कापसाची एक गाडी चालली होती. गाडीवान ओळखीचा, थांबला. मेश्राम सरांनी त्याला विनंती केली की थोडं मागं सरकून बसा. तो सरकला. आणखी थोडं. तो आणखी सरकला. गाडी अशी उलाळ झाली की जू वर, बैल टाचा उचलून उभे, अन् गाडीवान कापसासकट रस्त्यावर!

तो उठला तो शिव्या देतच. तेवढ्यात वर्गातून त्याचंच पोरगं आनंदानं ओरडलं, "बा, टेकूच्या मांगं बसला होता तू! म्हणून पडला!"

गाडीवानानं धोतर झटकलं. सरांना म्हणाला, "समजलं त्याले? मंग ठीक आहे. उद्या पुन्हा पडतो."

मी प्रार्थनेच्या वेळी मास्तर मोजताना पहिल्यांदा मेश्राम सरांकडे पाहू लागलो. ते दिसले की दिवस चांगला जाई. गुरुजींचंही तसंच. दिवाळी आली अन् गेली, मेश्राम सर परत आले. आम्ही दोघं आनंदानं वेडे झालो. मॅट्रिकचा वर्ग डोळ्यांसमोर दिसायला लागला.

*

पण केळझरहून रोज सायकलीनं येणं म्हणजे काय खेळ आहे? पावसाळ्यात तर चिखलात सायकल खांद्यावर घेऊन ते यायचे. शेवटी सायन्सच्या खोलीत टेबलावर वळकटी टाकून झोपायला लागले. कमिटीतल्या कोणाला ते खुपलं. हुकूम आला, शाळेत कोणी राहायचं नाही, इन्स्पेक्टर येण्याआधी खोली रिकामी करा. अन् त्याच आठवड्यात सरांना नागपूरच्या एका हायस्कुलातून बोलावणं आलं. पगार जास्त, राहायला होस्टेल. सोमवारी कळवायचं होतं.

गुरुजी पगार वाढवून देऊ म्हणाले, कुठून देणार होते देव जाणे. सर म्हणाले, "पगार नका वाढवू गुरुजी. मले फक्त एक खोली पाहून द्या. मी कुठीच जात नाई."

एक खोली! आम्हाला हसूच आलं. गुरुजी, मेश्राम सर अन् मी, तिघं निघालो.

पहिल्या घरी 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी. घरमालकानं बसायला खुर्च्या दिल्या, चहा विचारला. मग नाव विचारलं, मग गाव विचारलं. मग म्हणाला, माझं काही नाही हो, मी हे सगळं मानतच नाही. पण घरच्यायले चालत नाई.

दुसरीकडे तेच. तिसरीकडे माणूस खादीवाला, भिंतीवर चरख्याचं चित्र. म्हणाला, काळ बदलला पाहिजे, मी स्वतः भाषण करतो यावर. पण घरच्यायले चालत नाई. चौथीकडे पाटी आमच्या डोळ्यांदेखत उतरवली. माझं डोकं तापत चाललं होतं. माझी स्वतःची एकच खोली, तीत आम्ही, पोरं अन् वर सासूबाई. नाहीतर तिथल्या तिथं सरांचा हात धरून घरी नेलं असतं.

शेवटचं घर रामनगरकडचं, एका रिटायर कारकुनाचं. भलं मोठं घर, अन् माणूस एकटा. बायको वारलेली, मुलगा मुंबईला. गुरुजींना तिथं फार आशा होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान खाली घातली अन् म्हणाला, "माझी ना नाही गुरुजी. पण घरच्यायले चालत नाई!"

आम्ही घरात वाकून पाहिलं. ओसरीवर एक मांजर झोपलं होतं.

आम्ही परत फिरलो. शाळेच्या फाटकाशी मेश्राम सर म्हणाले, गावात पाट्या एवढ्या अन् खोली एकही नाही, असलं गणित मला कॉलेजात शिकवलं नाही. हसले अन् आत गेले. ते हसणं मला अजून सहन होत नाही.

मी गुरुजींना गाठलं. माझी जीभ काही माझ्या ताब्यात नव्हती. म्हणालो, "गुरुजी, तुमच्या घराची समोरची खोली तर रिकामी आहे न?"

 गुरुजी हळूच म्हणाले, "माझं काही नाही हो ड्रिलमास्तर. पण घरच्यायले चालत नाई."

मी घरी येऊन जेवलो नाही. बायकोनं कारण विचारलं, मी सगळं ओकलो. बायको सकाळी नळावर पाणी भरायला जाते. अन् त्याच नळावर गुरुजींच्या पत्नी, आमच्या वहिनी, पण येतात.

*

आता शेवटचा. हा सांगितला की मी बसतो.

शनिवारी शाळा सुटल्यावर गुरुजी घरून वळकटी घेऊन आले. सायन्सच्या खोलीत गेले अन् मेश्राम सरांच्या वळकटीशेजारी टाकली. आम्हा सगळ्या मास्तरांना बोलावलं.  म्हणाले, "ज्या गावात माझ्या मास्तरला खोली नाही, त्या गावात हेडमास्तरलाही घर नाही. आजपासून मीही इथंच झोपीन. कमिटीनं काढायचं तर दोघांना काढावं."

काय सांगू! माझे डोळे भरून आले. भाषेचे नवे मास्तर रडलेच. सगळ्यांनी गुरुजींच्या पायांना हात लावला.  मेश्राम सरांची पेटी भिंतीशी बांधून तयार ठेवली होती, ती मात्र त्यांनी सोडली नाही.

रविवारी सकाळी मी शाळेत गेलो. मला घरी करमेना, सोमवार छातीवर बसला होता. गुरुजी अन् सर आपापल्या वळकटीवर बसून चहा पीत होते. तेवढ्यात फाटकाशी टांगा थांबला अन् वहिनी उतरल्या. झाडे गुरुजींच्या घरी मी इतकी वर्षं जातोय, पण वहिनींचा आवाज कधी दारापर्यंतही ऐकला नव्हता. बुटक्या बांध्याच्या, डोक्यावर पदर, हातात काही नाही. सरळ सायन्सच्या खोलीत आल्या.

गुरुजी गडबडून उभे राहिले. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मेश्राम सरांना म्हणाल्या, "मास्तर, उठा. वळकटी उचला. समोरची खोली सारवून ठेवली आहे, खाटही टाकली. सैपाक झालेला आहे."

सर चाचरले. म्हणाले, "वहिनी, पण गुरुजी म्हणत होते..."

"ते काय म्हणून राह्यले ते मले नळावर समजलं," वहिनी म्हणाल्या. "मले त्यायनं कधी विचारलंच नाई."

मग मला म्हणाल्या, भाऊजी, मास्तरांची पेटी टांग्यात ठेवा. मी पेटी उचलली. मेश्राम सर खाली मान घालून वळकटी गुंडाळू लागले. गुरुजींच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी रक्त आलं. मोठा सुटकेचा श्वास टाकला त्यांनी. "चला, झालं एकदाचं," असं म्हणत वाकले अन् स्वतःची वळकटी गुंडाळायला लागले.

वहिनी दारातून वळल्या.

"तुमी कुठी चालले?" त्या म्हणाल्या. "तुमी राहा इथंच. घरच्यायले चालत नाई."